शुहूर सन व हिजरी सनाचें मूळ

सोलापूर प्रांतांतील जुन्या दप्तरांशीं ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे, त्यांस कागदाच्या मथळ्यावरील 'सु॥' ही खूण व तिच्यापुढील अरबी संख्यावाचकांची रांग नवी नाहीं. 'सीत सितैन मया व अलफ' असें तेथें लिहिलेलें असलें म्हणजे सहा, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६६ हें शुहूर साल झालें. पत्राच्या अखेरीस 'छ २० जिल्हेज' अशासारखी मिती असते. 'छ' म्हणजे चंद्र, आणि जिल्हेज हा मुसलमानी वर्षाचा बारावा महिना. कागदाच्या माथ्यावर 'श्री', लिहिणारा गांवचा कुलकर्णी, विषय एखाद्या देवस्थानच्या इनामाचा, आणि सालाचा आंकडा मात्र अरबस्तानांतील एका स्थलांतरापासून मोजलेला, असा हा योग आहे. पंढरपूर, मंगळवेढें, बार्शी, करमाळें या बाजूंस तो पिढ्यान्‌पिढ्या इतका नित्याचा होता कीं, लिहिणाऱ्यास त्यांत कांहीं विशेष आहे असें कधीं वाटलें नसावें.

आमचे अभ्यासक या आंकड्यांचा उपयोग बहुधा एकाच कामीं करतात: ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढावयाचा आणि पुढें जावयाचें. तें काम आवश्यक आहेच. परंतु हा आंकडा मुळांत कोठून निघाला, ज्या घटनेपासून तो मोजतात ती घटना कितपत निश्चित आहे, आणि केवळ चंद्रावर चालणारा सन आमच्याकडे येऊन मृग नक्षत्रावर कसा बसला, हे प्रश्न त्याहून मोठे आहेत. त्यांचा उलगडा करूं गेल्यास इस्लाम धर्माच्या आरंभकाळापर्यंत मागें जावें लागतें. प्रस्तुत लेखांत तोच प्रयत्न केला आहे.

प्रथम अरबस्तानाकडे वळूं. इ. स. च्या सहाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मक्का हें हिजाझ प्रांतांतील व्यापाराचें व यात्रेचें ठिकाण होतें. तेथील काबा या मंदिराची व्यवस्था कुरैश नांवाच्या जमातीकडे असे. याच जमातीच्या हाशिम कुळांत महंमद पैगंबरांचा जन्म झाला. वडील अब्दुल्ला जन्मापूर्वींच वारले. आई आमिना सहाव्या वर्षीं गेली. पुढें आजा अब्दुल मुत्तलिब व त्यानंतर चुलता अबू तालिब यांनीं त्यांचा सांभाळ केला. खदिजा या व्यापारी स्त्रीच्या मालाची नेआण करतां करतां तिच्याशींच त्यांचा विवाह झाला. वयाच्या चाळिशीच्या सुमारास, इ. स. ६१० च्या आसपास, हिरा डोंगरावरील गुहेंत त्यांस पहिला ईश्वरी संदेश झाला अशी मुसलमानांची श्रद्धा आहे. एका ईश्वराची उपासना, अनाथ व दरिद्री यांचा सांभाळ, आणि मरणोत्तर जबाबदेही हा त्यांच्या आरंभीच्या उपदेशाचा गाभा होता. मक्केंतील धनिकांस तो रुचला नाहीं. छळ वाढला तेव्हां कांहीं अनुयायी समुद्र ओलांडून हबसाणांत गेले. ६१९ मध्यें खदिजा व अबू तालिब हीं दोघेंही निवर्तल्यावर मक्केंत पैगंबरांस कुळाचा आधार असा उरला नाहीं, आणि ज्या देशांत कुळ हेंच मनुष्याचें कवच, तेथें ही स्थिति प्राणावरची होती.

यांपैकीं कोणत्या गोष्टीस नक्की तारीख देतां येते? खरें पाहतां फार थोड्या गोष्टींस. पैगंबरांचें जें सर्वांत जुनें सविस्तर चरित्र आज आपणांस ठाऊक आहे तें इब्न इसहाक याचें, तो इ. स. ७६७ च्या सुमारास वारला, आणि त्याचा ग्रंथ मुख्यतः इब्न हिशाम यानें पुढें केलेल्या संस्करणांतून आपल्या हातीं आला आहे. म्हणजे घटना व लेखन यांत सव्वाशें वर्षांचें अंतर पडतें. या अंतरामुळें सर्वच परंपरा टाकाऊ ठरवणारे पंडित पश्चिमेकडे झाले आहेत. आम्हांस तें मत मान्य नाहीं. आमच्याकडील बखरींविषयींही असाच एकांतिक पक्ष मांडला गेला, व पुढें अस्सल कागद सांपडूं लागल्यावर बखरींतील कांहीं भाग खोटा, कांहीं खरा, व बराचसा क्रम चुकलेला पण मूळ धरून असलेला, असें निघालें. तीच तऱ्हा येथें आहे. सिरियाकडील एका ख्रिस्ती लेखकानें ६४० च्या सुमारास लिहितांना ६३४ मधील लढाईच्या संबंधांत महंमदाच्या अरबांचा नांवानिशीं उल्लेख केला आहे, आणि सेबेओस याच्या नांवावर मोडणाऱ्या सातव्या शतकांतील आर्मेनियन इतिहासांत तर व्यापारी, उपदेशक व एकेश्वरवादाचा पुरस्कर्ता असें त्यांचें वर्णन येतें. या साक्षी परधर्मीयांच्या, बऱ्याचशा शत्रुभावाच्या, आणि म्हणूनच मोलाच्या आहेत.

जन्मवर्षाची गोष्ट मात्र निराळी. परंपरा सांगते कीं, येमेनचा हबशी अधिपति अब्रहा हा हत्ती घेऊन मक्केवर चालून आला त्या 'हत्तीच्या वर्षीं' पैगंबर जन्मले. यावरून ५७० हें साल सर्वत्र धरतात. अब्रहाच्या मध्य अरबस्तानांतील एका स्वारीचा शिलालेख मुरैघान येथें सांपडला आहे, पण त्यावरील हिम्यरी शकाचें वर्ष इसवी ५५२ शीं जुळतें. हीच ती स्वारी कीं दुसरी, याबद्दल एकमत नाहीं. सारांश, जन्माच्या तारखेवर कालगणना उभारावी इतकी ती पक्की नव्हती. आणि ही अडचण आजच्या पंडितांनाच नव्हे, तर पैगंबरांच्या सहकाऱ्यांसही भासली होती, असें पुढें दिसून येईल.

६२१ व ६२२ या दोन वर्षांच्या यात्रांत मक्केच्या उत्तरेस असलेल्या यस्रिब गांवचे कांहीं लोक अकबा येथें पैगंबरांस भेटले. यस्रिबांत औस व खझ्रज या दोन जमातींचें हाडवैर होतें. तेथें यहुद्यांच्याही जमाती नांदत. त्या लोकांस तंटे मिटविणारा तटस्थ पुरुष हवा होता, आणि पैगंबरांस आश्रय हवा होता. अनुयायी थोडे थोडे करून पुढें गेले. अखेर पैगंबर व अबू बकर हे रात्रीं निघाले, सौर नांवाच्या डोंगराच्या गुहेंत तीन दिवस दडून राहिले, व आडमार्गानें सप्टेंबर ६२२ मध्यें यस्रिबजवळील कुबा येथें पोंचले. पुढें त्या गांवास 'पैगंबरांचें नगर' या अर्थानें मदिना हें नांव पडलें.

या प्रवासास 'हिजरत' म्हणतात. आमच्या जुन्या मराठी पुस्तकांत इंग्रजी ग्रंथांच्या अनुकरणानें त्याचें भाषांतर 'पलायन' असें केलेलें आढळतें. हा शब्द आम्हांस चुकीचा वाटतो. अरबी धातूचा अर्थ तोडणें, संबंध सोडणें असा आहे. जो मनुष्य आपल्या कुळाचें रक्षण सोडून परक्या जमातींत जातो तो केवळ जागा बदलत नाहीं. तो आपलें नातें, आपला सूड घेणारे हात, आपली ओळख मागें टाकतो. मदिनेंत गेल्यावर जो करार झाला त्यांत मक्केहून आलेले, मदिनेचे अनुयायी व त्यांच्याशीं संलग्न यहुदी या सर्वांच्या परस्पर जबाबदाऱ्या बांधून दिल्या आहेत. खून, खंडणी, युद्ध, तह यांचे नियम त्यांत आहेत. कुळाऐवजीं श्रद्धा हा समाजाचा आधार धरून झालेला हा पहिला अरबी लेख. त्याची भाषा पुढील काळाच्या लेखकास सुचण्यासारखी नसल्यामुळें कडक टीकाकारही तो अस्सल मानतात. त्यापुढील बदरची लढाई (६२४), उहुद (६२५), खंदक (६२७), हुदैबियाचा तह (६२८), मक्केचा पाडाव (६३०) यांची हकीकत येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. ८ जून ६३२ रोजीं मदिनेंत पैगंबरांचा अंत झाला.

सन मात्र त्यांनीं सुरू केला नाहीं. तो दुसरा खलीफा उमर याच्या कारकीर्दींतला. परंपरा अशी कीं, बसऱ्याचा सुभेदार अबू मूसा अल्‌-अशअरी यानें तक्रार केली: आपल्याकडून हुकूम येतात, पण त्यांवर तारीख नसते, तेव्हां अगोदरचा कोणता व मागाहूनचा कोणता हें कळत नाहीं. दुसऱ्या एका कथेंत एका कर्जखतावर नुसता 'साबान' महिना होता व तो कोणत्या वर्षाचा याविषयीं वाद पडला. आमच्या वाचकांस हीं दोन्ही कारणें अत्यंत परिचयाचीं वाटतील. दप्तराची निकड सर्वत्र सारखीच. सभा भरली. जन्मापासून मोजावें, पहिल्या संदेशापासून मोजावें, मृत्यूपासून मोजावें, हिजरतीपासून मोजावें, असे पक्ष निघाले. अल्बेरूणीनें प्राचीन राष्ट्रांच्या कालगणनांवरील आपल्या ग्रंथांत या निवडीचें कारण दिलें आहे: जन्म व संदेश यांच्या काळाविषयीं मतभेद होते, मृत्यूची आठवण शुभ नव्हे, आणि हिजरतीनंतरच कार्यास स्थैर्य आलें. म्हणून इ. स. ६३८ च्या सुमारास हिजरतीचें वर्ष पहिलें ठरलें. वर्षारंभ मात्र प्रवासाच्या दिवसापासून न धरतां त्या वर्षाच्या मोहरमपासून धरला; गणितानें तो १६ जुलै ६२२, शुक्रवार, असा येतो.

ही कथा उशीरा लिहिलेली असली तरी तिचा गाभा खरा, याला एक उत्कृष्ट पुरावा आहे. व्हिएन्ना येथील ग्रंथसंग्रहांत इजिप्तमधील एक पपायरसाचा तुकडा आहे. त्यावर ग्रीक व अरबी अशा दोन भाषांत एक पावती लिहिली असून अरबी भागाच्या शेवटीं जमादिलावल महिना व 'वर्ष बावीस' अशी मिती आहे, म्हणजे एप्रिल ६४३. अरब फौजेच्या एका सरदारानें ६५ मेंढरें घेतल्याची ती पोंच आहे. नव्या सनाचा आज माहीत असलेला सर्वांत जुना तारीखवार कागद हा धर्माज्ञा नव्हे, विजयस्तंभ नव्हे, तर मेंढरांची पावती! सन ठरून जेमतेम पांच वर्षें झालीं असतां तो नाईलच्या कांठच्या कारकुनाच्या लेखणींत उतरला होता. त्या पावतींत 'हिजरी' हा शब्द नाहीं. नुसताच आंकडा आहे.

आतां आमच्या विषयाचा खरा सांधा येतो. इस्लामपूर्व अरबांचे महिने चंद्राचे असले तरी त्यांच्यांत अधिक महिना धरण्याची चाल होती. तिला 'नसी' म्हणत, व अधिक केव्हां धरावा हें सांगण्याचा मान किनाना जमातींतील एका घराण्याकडे असे. महिन्यांच्या नांवांवरूनही मूळचा ऋतुसंबंध स्पष्ट होतो. रमजान शब्दांत उन्हाच्या तापाचा अर्थ आहे, जमादि शब्दांत गोठण्याचा किंवा सुकण्याचा, आणि रबी म्हणजे वसंत. परंतु अधिकाच्या या सत्तेमुळें निषिद्ध महिन्यांत लढाई करावयाची सोय होई, यात्रेचे दिवस हवे तसे सरकवले जात. कुराणाच्या नवव्या अध्यायांत या प्रथेचा निषेध आहे, आणि हिजरी १० मध्यें, म्हणजे मार्च ६३२ मध्यें, अरफातच्या मैदानावर केलेल्या आपल्या अखेरच्या यात्रेच्या भाषणांत पैगंबरांनीं वर्षाचे महिने बाराच, त्यांत मनुष्यानें भर घालूं नये, असें सांगून तिचा शेवट केला. तेव्हांपासून मुसलमानी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचें झालें व ऋतूंपासून सुटलें.

याचा एक परिणाम संशोधकांनीं लक्षांत घेण्यासारखा आहे. हिजरतीपासून या निर्णयापर्यंतच्या दहा वर्षांत कोणते महिने अधिक धरले होते हें खात्रीनें सांगतां येत नाहीं, म्हणून त्या काळच्या तारखांचें इसवींत रूपांतर नेहमीं थोडें डळमळीत राहतें. परंपरा म्हणते, पैगंबर कुब्यास १२ रबिलावल, सोमवारीं पोंचले. नेहमींच्या कोष्टकानें १२ रबिलावल हा २४ सप्टेंबर ६२२ येतो, पण त्या दिवशीं शुक्रवार होता. सोमवार हवा असेल तर २० सप्टेंबर, म्हणजे ८ रबिलावल, घ्यावा लागतो. आणि कांहीं जुन्या लेखकांनीं आठच तारीख दिलीही आहे. वारावरून मितीची परीक्षा करण्याची ही रीत मराठी कागदांस आपण रोज लावतों, तीच येथें लागूं पडते.

आमच्याकडील चांद्रमास व मुसलमानी महिना हे दोन्ही एकाच चंद्राचे. शुद्ध द्वितीयेच्या सुमारास कोर दिसली कीं 'छ १' सुरू होतो, म्हणून तिथी व चंद्र यांत एक-दोहोंपेक्षां अधिक अंतर सहसा पडत नाहीं. फरक एवढाच कीं, आमचें पंचांग एकोणीस वर्षांत सात अधिक महिने घालून ऋतूंस धरून ठेवतें. पंढरीची आषाढी वारी पावसांतच येते, आणि अधिक महिना तर तेथें स्वतंत्र पर्वणीच मानतात. उलट त्याच गांवांतील मोहरमचे ताबूत सुमारें तेहतीस वर्षांत उन्हाळा, पावसाळा, हिंवाळा असे सर्व ऋतु फिरून येतात. सोलापूरकडील शेतकरी मालदांडी जोंधळ्याच्या पिकास 'रबी' म्हणतो. पैगंबरांचा परंपरागत जन्म, मदिनेंतील प्रवेश व मृत्यु हे तिन्ही ज्या महिन्यांत सांगतात तो 'रबिलावल'. शब्द एकच. पिकाच्या नांवांत तो आपल्या ऋतूस अजून चिकटून आहे, आणि महिन्याच्या नांवांत अरफातच्या त्या निर्णयापासून भटकतो आहे.

धर्मकृत्यांस याची अडचण नव्हती. अडचण होती ती सरकारी सारा वसूल करणाऱ्यास, आणि त्याहून अधिक तो देणाऱ्यास. पीक सूर्याच्या वर्षानें येतें. चांद्र वर्षानें सारा मागितला तर हप्ता दरसाल अकरा दिवस अगोदर येणार, आणि तेहतीस पिकांवर रयतेस चौतीस वर्षांचा सारा द्यावा लागणार. बगदादच्या खलीफांस हा पेंच लवकरच पडला. खलीफा अल्‌-मुतझिद यानें इ. स. ८९५ मध्यें साऱ्याच्या वर्षाचा आरंभ ११ जूनवर नेऊन ठेवला, म्हणजे कापणीपूर्वीं तगादा लागूं नये. साऱ्याचें वर्ष सौर व धर्माचें वर्ष चांद्र, अशी ही दुहेरी व्यवस्था. मात्र दोन्ही आंकडे एकमेकांपासून फार दूर जाऊं नयेत म्हणून साऱ्याच्या सनांतून तेहतीस वर्षांनीं एक साल गाळण्याची युक्ति तिकडे करीत.

दक्षिणेंत जें झालें तें याच जातीचें. शुहूर हा शब्द अरबी 'शहर', म्हणजे महिना, याचें अनेकवचन. या सनास अरबी साल किंवा मृगसाल अशींही नांवें आहेत. त्याचा आंकडा व हिजरीचा आंकडा हिजरी ७४५ मध्यें, म्हणजे इ. स. १३४४ च्या उन्हाळ्यांत सूर्य मृगांत गेला त्या वेळीं, एक होता. दिल्लीच्या तख्तावर तेव्हां महंमद तुघलक होता. दौलताबादेस राजधानी नेण्याचा त्याचा उद्योग १३२७ मधला, आणि १३४७ मध्यें तर हसन बहमनशाहानें दक्षिणेंत स्वतंत्र राज्य स्थापलें. या सनाचा कर्ता म्हणून तुघलकाचें नांव घेतात तें या आंकड्यांच्या मेळावरून. त्याची जाहीर सनद उपलब्ध नसली तरी तर्क सयुक्तिक आहे: नवा सन काढणारा त्या क्षणीं चालूं असलेलाच आंकडा घेऊन पुढें सौर चाल लावणार, हें उघड आहे. आरंभास मृग निवडला यांत मात्र दक्षिणेची अक्कल दिसते. मृगापासून मृगापर्यंत धरलें म्हणजे खरीप व रबी हीं दोन्ही पिकें एकाच सालांत पडतात; आणि सोलापूर, मंगळवेढें, सांगोलें या बाजूंस, जेथें मुख्य भिस्त हस्ताच्या पावसावरील पेरणीवर, तेथें वर्षाची बाकी काढावयास यापेक्षां सोईचा दिवस नाहीं. येथें बगदादप्रमाणें सालें गाळलीं नाहींत. म्हणून हिजरीचा आंकडा पुढें पुढें जात राहिला व शुहूर मागें पडत गेला.

हें मागें पडणें किती, तें कांहीं प्रसिद्ध प्रसंगांवरून पाहावें. सोलापूरचा किल्ला विजापूर व अहमदनगर यांच्यामधील कायमचें कलहाचें कारण होता. हुसेन निजामशहाची कन्या चांदबिबी हिचा अली आदिलशहाशीं विवाह झाला तेव्हां हा किल्ला तिच्याबरोबर आंदण म्हणून विजापुराकडे गेला, आणि या सोयरिकीनंतर दोन्ही शहा जानेवारी १५६५ मध्यें विजयनगराविरुद्ध तालिकोटच्या रणांत एकत्र उतरले. त्या लढाईचें हिजरी साल ९७२. शुहूर साल ९६५, म्हणजे 'खमस सितैन तिसा मया'. अंतर सात. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक जून १६७४ चा: हिजरी १०८५, शुहूर १०७५. तीनशें तीस सौर वर्षांत तीनशें चाळीस चांद्र वर्षें होतात, म्हणून अंतर बरोबर दहा. फेरिश्त्यासारखा दरबारी इतिहासकार हिजरी वापरतो, गांवचा कुलकर्णी शुहूर. एकाच घटनेचे दोन आंकडे पाहून त्या दोन घटना मानण्याचा मोह संशोधकानें आवरला पाहिजे.

यांत फसलीची भर आहे. उत्तरेकडील फसली अकबराच्या राज्यारोहणाच्या हिजरी ९६३ पासून सौर चालीनें निघाला. दक्षिणेकडील शहाजहानानें १६३६ मध्यें, तेव्हांच्या हिजरी १०४६ पासून, चालूं केला. मधल्या ऐंशी वर्षांत हिजरी पुढें सरकल्यामुळें दोन फसलींत दोन वर्षांहून अधिक अंतर राहिलें. सोलापूर हें सरहद्दीचें ठाणें. पलीकडचा नळदुर्ग, तुळजापूर हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत मोडत असल्यानें तिकडील कागदांत फसली व अलीकडील जुन्या कागदांत शुहूर येतो. एकाच घराण्याच्या दोन गांवच्या वतनाचे कागद एका रुमालांत बांधलेले असल्यास वाचणाऱ्याची धांदल उडते. शुहूर, हिजरी व दोन्ही फसली हे चारही आंकडे मुळांत त्या एका ६२२ चेच. फक्त कोणीं कोणत्या साली चंद्र सोडून सूर्य धरला, यावर त्यांचें अंतर ठरलें.

आणखी एक खोंच आहे, आणि ती सर्वांत फसवी. आमच्या कागदांत साल सौर व महिना-तारीख चांद्र, असें मिश्रण असतें. शुहूर वर्ष ३६५ दिवसांचें, बारा चांद्रमास ३५४ दिवसांचे; म्हणून प्रत्येक शुहूर सालांत सुमारें अकरा तारखा दोनदां येतात. प्रारंभीं दिलेलेंच उदाहरण घ्या. शुहूर ११६६ हें साल जून १७६५ च्या पहिल्या आठवड्यांत मृगावर लागलें व पुढच्या मृगावर संपलें. त्यांत 'छ २० जिल्हेज' एकदां १० जून १७६५ च्या सुमारास, हिजरी ११७८ अखेर, येतो. आणि पुन्हां ३० मे १७६६ च्या सुमारास, हिजरी ११७९ अखेर, येतो. मथळा तोच, मिती तीच, पण मध्यें ३५४ दिवसांचें अंतर. जंत्रींत पहिली जुळणारी तारीख पाहून पान मिटणाऱ्याच्या हातून एक अख्खी मोहीम मागें-पुढें होऊं शकते. मोडकांची जंत्री किंवा खऱ्यांची शकावली हातीं असली तरी हा निवाडा ती आपोआप करीत नाहीं. पत्रांत वार असेल तर काम सोपें: ३५४ दिवसांत वार चार घरें पुढें सरकतो, पहिला सोमवारच्या जवळ तर दुसरा शुक्रवारच्या जवळ. वार नसेल तर मजकुरांतील पेरणी, पाऊस, छावणी उठणें किंवा बसणें यांवर भिस्त ठेवावी. पत्र वर्षाच्या तोंडचें असल्यास त्यांत बहुधा नव्या सालच्या कौलाची बोलणी असतात. अखेरचें असल्यास बाकीची. हा आमचा अनुभवाचा ठोकताळा आहे, नियम नव्हे.

संख्यावाचकांविषयीं दोन शब्द. इहिदे, इसन्ने, सलास, आर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा हे एक ते नऊ. अशर म्हणजे दहा. अशरीन, सलासीन, आर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन हे वीस ते नव्वद. मया शंभर, मयातैन दोनशें, अलफ हजार. अरबींत लहान आंकडा आधीं व मोठा मागून, म्हणून वाचन उजवीकडून उलटें केल्यासारखें वाटतें. मधला 'व' हाही अरबीच. घाईच्या मोडींत सबा व समान, तसेंच सबैन व समानीन, यांची गल्लत सर्वांत जास्त होते. एकाचा घोटाळा एक वर्षाचा, दुसऱ्याचा दहा वर्षांचा. शंका आल्यास चंद्र व वार यांनीं पडताळा घ्यावा.

मे १८१८ च्या मध्यास जनरल मन्रोच्या फौजेनें सोलापूरचा किल्ला घेतला आणि या प्रांतांतील पेशवाईचा अंमल संपला. मृगास अजून तीन आठवडे होते, म्हणून शुहूर साल जुनेंच, 'समान अशर मयातैन व अलफ', १२१८. महिना रजब. हिजरी १२३३, दक्षिणी फसली १२२७, शालिवाहन शक १७४०. त्या दिवसांतले जे कागद या भागांतील घराण्यांकडून पुढें येतील त्यांवर यांपैकीं कोणताही आंकडा असूं शकेल, आणि इंग्रजी छावणीच्या कागदांवर पांचवा.